सरणातलं भिरूड

माझ्या पर्समध्ये चष्मा, रुमाल, बडीशेपेची डबी आणि टोकाला आकडा असलेली हातभर तार असते. गेल्या वर्षी एका मॉलच्या दारात तपासणीला उभ्या असलेल्या मुलीनं ती तार बाहेर काढली आणि विचारलं, "आजी, हे काय?" मी म्हटलं, "हत्यार आहे." तिनं लगेच साहेबांना बोलावलं. साहेब माढ्याकडचे निघाले. त्यांनी तार बघितली, मला बघितलं आणि म्हणाले, "अगं सोड की त्यांना! भिरूडवाल्या बाई हायत त्या. आमच्या आंब्यातनं काढून दिल्यात भिरुडं." एवढा आनंद मला मुलाच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. लग्नात निम्मं लक्ष आचाऱ्याकडे होतं.

तर मी भिरूडवाली बाई. जिल्ह्याच्या गावी, शुक्रवार पेठेत आमच्या सासरचं खतं-औषधांचं दुकान. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी लग्न करून आले तेव्हा घरच्यांना वाटलं, सून शाळेत शिकवेल. मी दुकानात बसले. गिऱ्हाईक यायचं ते हातात एक वाळकी डहाळी घेऊन, आणि म्हणायचं, "ह्याला औषध द्या." म्हणजे पेशंट घरी झोपलाय आणि त्याचं नख घेऊन नातेवाईक दवाखान्यात! दोन-तीन मोसम मी ते सहन केलं. मग एका बागवानाला म्हटलं, "डहाळी ठेवा खाली. झाड दाखवा." आमच्या ह्यांची मोपेड काढली आणि त्याच्या मागोमाग गेले. तेव्हापासून माझं दुकानात बसणं कमी आणि बांधावर उकिडवं बसणं जास्त झालं.

माझ्या सासूबाई अक्कलकोटकडच्या, घरात कन्नड बोलायच्या. मी कुठं आहे असं कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "नम्म सोसी हुळ हिडीलिक्क होग्याळ." आमची सून किडे धरायला गेलीय. पहिल्या वर्षी हे सांगताना त्यांचा आवाज खाली असायचा. पुढं पुढं तो गल्लीच्या टोकाला ऐकू जायला लागला.

तार मला रफिकभाईंनी करून दिली. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आमच्या समोर. ब्रेकची जुनी तार, कारण ती वाकते पण मोडत नाही, आणि टोकाला तापवून केलेला बारीक आकडा. "क्या आपा, मच्छी पकडने कू जारे क्या?" म्हणून ते हसले. मी पहिलं भिरूड काढून बाटलीतून त्यांना दाखवायला आणलं तेव्हा मात्र चहाचा कप हातातच राहिला. "या अल्ला, ये झाड के अंदर था?" त्यानंतर तार बोथट झाली की ते स्वतःच मागून घ्यायचे आणि धार लावून द्यायचे.

आता बाहेरच्या माणसाला भिरूड म्हणजे काय ते सांगते. आंब्याच्या बुंध्याशी करवतीखाली पडतो तसला भुसा दिसला की समजा, वर कुणीतरी जेवतंय. ते भिरूड. बोटाएवढं जाड, सायीच्या रंगाचं, पाय नसलेलं. तोंडाशी तेवढा तपकिरी, टणक जबडा. अंधारात लाकूड खात खात ते आपल्या अंगाच्या मापाचा बोगदा करतं. अंगाच्या वळ्या फुगवायच्या, बोगद्याच्या भिंतीला रेटा द्यायचा आणि पुढं सरकायचं. वर्षभर हेच, कधी त्याहूनही जास्त. भुसा तेवढा भोकातून बाहेर ढकलायचा, इतकाच त्याचा जगाशी संबंध. ना ऊन, ना पाऊस, ना शेजारी. म्हातारपणात माणसाला याहून वेगळं काय हवं असतं?

मग एक दिवस ते खाणं थांबवतं, लाकडात एक खोली कोरतं आणि झोपी जातं. तो कोष. त्यावर रेशीम-बिशीम काही नाही. नुसत्या पांढऱ्या अंगावर पुढचा अख्खा भुंगा घडी घालून ठेवलेला असतो. पाय दुमडलेले, मिशा पोटाशी गोल गुंडाळलेल्या. मिरगाच्या सुमाराला साल कुरतडून बाहेर येतो तो करडा भुंगेरा, पाठीवर नारिंगी ठिपके, आणि मिशा स्वतःच्या अंगापेक्षा लांब. हातात धरला तर मान घासून चूं चूं करतो. दिवसभर सालीला चिकटून बसेल, तुम्ही नाक लावलंत तरी दिसणार नाही. अंधार पडला की उडेल. मादी जबड्यानं सालीला चीर पाडते, तिथं एकच अंडं घालते आणि पुढं जाऊन दुसरी चीर पाडते. प्रत्येक लेकराला वेगळी खोली. आमच्या पेठेत एवढी ऐपत कुणाचीच नव्हती.

मात्र धडधाकट झाडाकडे ती सहसा जात नाही. थकलेलं, उन्हानं तडकलेलं, कुऱ्हाडीची जखम उघडी राहिलेलं झाड तिला लांबून वासानं कळतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

भिरूड काढायचं म्हणजे आधी ओल्या, ताज्या भुशाचं भोक शोधायचं. जुना भुसा काळा पडतो, तिथं घर रिकामं झालेलं असतं. कान लावला तर दुपारच्या शांततेत कर्र कर्र ऐकू येतं. मग तार हळूहळू आत. लाकडाला लागली तर हाताला टणक कळतं. भिरुडाला लागली तर मऊ लागतं आणि तार किंचित मागं ढकलली जाते. तेव्हा मनगट फिरवायचं आणि ओढायचं. नाहीच सापडलं तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा भोकात घालायचा आणि वरून चिखल लिंपायचा. एका बागवानाला मी हे नीट समजावून सांगितलं. आठ दिवसांनी तो आला, "बाई, काय सुदीक फरक न्हाय." मी जाऊन भोक उकरलं तर बोळ्याला हातभट्टीचा वास! विचारलं तर म्हणाला, "पेट्रोल गाडीला लागतंय की वो. म्हटलं, दारू बी पेटतीच की." भिरूड आत ठणठणीत होतं. हा मात्र बोळे करता करता दोन दिवस झाडाखालीच पडून होता असं त्याच्या बायकोनं सांगितलं.

आणि एकदा पेठेतल्याच एका घरी मला दिवाण बघायला बोलावलं. नवीन सून म्हणे, सासूबाई झोपेत दात खातात. सासूबाई म्हणे, ही पोरगीच खाते आणि माझ्यावर ढकलते. बोलणं बंद व्हायची वेळ आलेली. मी दिवाणाला कान लावला आणि दोघींनाही लावायला सांगितला. वाळलेल्या लाकडात राहणारा भिरुडाचा एक भाऊबंद असतो. तो फर्निचर होऊन घरात आल्यावरही वर्षानुवर्षं आत जेवत बसतो. दोघी एकाच फळीला कान लावून, डोक्याला डोकं टेकवून बसल्या आणि खुदकन हसल्या. त्या घरातला मानपान मला अजून मिळतो.

पण मला आज सांगायचं आहे ते तात्यांबद्दल आणि त्यांच्या शेपूबद्दल.

तात्या माढा तालुक्यातले. उसाच्या गावात राहून आंब्यावर जीव टाकणारा माणूस. आपल्याकडं गावरान आंब्याच्या झाडांना नावं असतात. कुणी साखऱ्या, कुणी खोबऱ्या, कुणी शेंदऱ्या. तात्यांच्या घरामागं होता तो शेपू. त्याचं फळ कापलं की शेपूच्या भाजीचा वास यायचा. निम्मं गाव त्या वासानं पळायचं, निम्मं त्याच्यासाठी भांडायचं. दर वैशाखात तात्या पिशवी घेऊन दुकानात यायचे, शेंगा खात तासभर बसायचे आणि उठताना पिशवी माझ्यापुढं ठेवायचे. "वासाला नाव ठिवणारं खायाला पैलं बसतंय, बाई. ठिवा आत." आमच्या सासूबाई नाव ठेवायच्या आणि कोयसुद्धा चोखून पांढरी करायच्या.

तात्यांची बायको गेली ती ऐन पावसाळ्यात. त्यांच्या घराण्यात रीत अशी, की सरण कुठल्याही लाकडाचं असो, घरच्या आंब्याची एक तरी फांदी त्यात हवी. घाईघाईत शेपूची एक मोठी फांदी कुऱ्हाडीनं तोडली. घरात मयत असताना झाडाच्या जखमेकडं कोण बघतं? पुढच्या दोन वर्षांत शेपू शेंड्याकडून वाळत आला. तात्यांनी मला बोलावलं तेव्हा बुंध्याशी पायलीभर भुसा पडला होता. मी तार घालून घालून दमले. खोड आतून वारुळासारखं झालेलं. त्या वर्षी एकही फळ आलं नाही, आणि हिवाळ्यात तात्यांनी स्वतः उभं राहून झाड पाडलं.

एवढंच असतं तर ही एका झाडाची गोष्ट होती. पण उन्हाळ्यात तात्यांच्या सुनेचा, सुनंदाचा, मला फोटो आला. गोठ्याच्या भिंतीशी ओंडक्यांची थप्पी आणि तिच्याखाली पिवळसर भुसा. खाली लिहिलं होतं, 'बाई रोज झाडते रोज पडतोय. तात्या म्हणतात उंदीर हायत. या.'

मी गेले. शेपूचे ओंडके मापात कापून, साल न काढता, एकावर एक रचून ठेवले होते. वरून पत्रा, बाजूला काटे. आणि थप्पीपासून हाकेच्या अंतरावर, न्हाणीच्या पाण्यावर, शेपूचं कलम उभं होतं. तात्यांच्या बायकोनं रोपवाटिकेच्या माणसाला घरी बोलावून, त्याला जेवू घालून बांधून घेतलेली कलमं. बाकीची गेली, हे एकच जगलं. खोड मनगटाएवढं. शेपू म्हणून जगात उरलं होतं ते एवढंच. मी कलमाकडं बघितलं, थप्पीकडं बघितलं आणि मधली पावलं मोजली.

"तात्या, ही लाकडं इथं कशाला ठेवलीत?"

"माझ्या सरणाला," तात्या म्हणाले. जसं कुणी सांगावं, बी-बियाणाला ठेवलंय.

"सगळी?"

"मग? तिला एक फांदी घावली. मला आख्खा शेपू. आता कुणासाठी राखायचा हाय?"

मी त्यांना बाजेवर बसवलं आणि समजावून सांगितलं. ह्या लाकडांत भिरुडं जिवंत आहेत. झाड मेलं तरी ती मरत नाहीत, आतलं खात राहतात. मिरगाला भुंगेरे होऊन बाहेर पडतील. बाहेर पडल्यावर कोवळी साल खायला आणि अंडी घालायला त्यांना सगळ्यात जवळ काय आहे? हे कलम. मनगटाएवढ्या खोडाला एक भिरूड पुरेसं आहे. "मिरगाच्या आत ही लाकडं जाळायला हवीत, तात्या."

तात्यांनी तंबाखूची चिमूट दाढेला धरली. मग म्हणाले, "जाळायचीच हायत की. पर त्यासाठी मला मराय लागंल. मिरगाच्या आत म्हंता? बगतो बया, जमतंय का."

सुनंदानं कपाळावर हात मारला. मला हसू आवरेना आणि रडूही येईना. मी म्हटलं, "तात्या, मस्करी नको. बरं, स्मशानात नेऊन ठेवा."

"वा! तितं ठिवली की उद्या दुसराच कोनतरी मरंल आन् माझ्या लाकडावर फुकट जाईल. गावात म्हातारी काय कमी हायत व्हय?"

"मग चिरून फळ्या करा. चिरताना भिरुडं तरी मरतील."

"फळ्यांवर झोपू व्हय मी? सरण हाय का दिवाण?"

त्यांच्यापुढं माझं शिक्षण, माझी तार, सगळं निकामी. शेवटी मी चिडले. म्हटलं, "बरं, एक ओंडका तरी फोडून दाखवा. मी म्हणते ते खोटं असेल तर मी पुन्हा या बांधावर पाय ठेवणार नाही." तात्यांच्या मुलानं, भारतनं, पाचर लावून घण घातला. ओंडका दुभंगला आणि आतून ती खोली उघडी पडली. तिच्यात कोष. पांढरा, मेणासारखा, पाय छातीशी धरलेले, मिशा गोल गुंडाळलेल्या. उजेड लागल्यावर पोटाचं टोक तेवढं हललं.

तात्या वाकून बघत राहिले. "आरारारा," ते हळूच म्हणाले. "बाळंतिणीच्या कुशीत पोर झोपावं तसं झोपलंय की वो हे." खरं सांगते, एवढी वर्षं मी कोष बघतेय, पण दर वेळी माझ्याही मनात तेच येतं. मी त्याला मारायला आलेली असते आणि आधी क्षणभर त्याचं कौतुक करते. ज्यानं मला नाव दिलं, गावोगावचा चहा पाजला, त्याच्याशी वैर तरी किती धरणार?

मग तात्यांनी विचारलं, "बाई, हे शिरलं कुटनं? शेपू तर लोखंडावानी व्हता."

वाचकहो, तुम्ही मघाचं वाक्य लक्षात ठेवलं असेल तर मला काय उत्तर द्यायचं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी सुनंदाकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. तिला कळलं होतं. मी काहीतरी गोलमोल बोलणार होते, वय झालं होतं झाडाचं वगैरे. पण तात्या माझ्याकडं बघत नव्हतेच. ते ओंडक्याच्या वरच्या अंगाला असलेल्या जुन्या कुऱ्हाडीच्या घावावर बोट फिरवत होते. बोगदा तिथूनच खाली आलेला दिसत होता.

"हितनंच न्हवं?"

"व्हय, तात्या," मी म्हटलं. "इथूनच."

"तिच्यासाठी तोडली व्हती त्येवा."

"व्हय."

ते धोतराचा सोगा झटकून उठले आणि कलमाला पाणी घालायला गेले. पाणी घालून झाल्यावरही तिथंच उभे राहिले. मी चहा न घेताच निघाले. परतीच्या वाटेवर स्वतःलाच शिव्या दिल्या. म्हाताऱ्याचं झाड गेलं ते गेलंच, वर त्याला हेही सांगून आले. आणि लाकडं जिथल्या तिथंच.

पुढं दहा-बारा दिवसांनी दुकानात भारतचा निरोप आला. निरोप आणणारा माणूस ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवरचा, त्याला फार काही माहीत नव्हतं. "रविवारी तात्यांचं तेरावं हाय. बाईंनी यायचंच."

मी गिऱ्हाइकाची पावती अर्धवट सोडली. हे पाणी घेऊन आले. मी सारखं एकच म्हणत होते, "मी मारलं हो त्यांना, मी मारलं." फोन लावायचं धाडस झालं नाही. रविवारी आम्ही दोघं गेलो. मी पांढरी साडी नेसले होते.

गावात शिरताच आमटीचा वास आला. घरामागं माणसांची ही गर्दी, आणि मधोमध, खणलेल्या चरावर, चार मोठ्या कढया. कढयांखाली शेपूचे ओंडके धडधडून जळत होते. आणि डोक्याला फेटा, हातात पळी, अंगावर नवं धोतर, असे तात्या स्वतः कढई ढवळत होते.

"या, या! बाई, लई उशीर केला. सरण निम्मं जळालं की!"

माझ्या तोंडून जे निघालं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. मी रडत होते आणि भांडत होते. तात्या पळी वर धरून पोट धरून हसत होते. "आता सरण पेटलं म्हंजी तेरावं बी घालायला नगं का? पाहुणं म्हणलं, मेल्यावर जेवू. म्या म्हणलं, मी नसल्यावर आमटीला मीठ कोन बगणार?"

अपशकून म्हणून गावातल्या चार शहाण्यांनी तोंडं वाकडी केली होती. चार डाळींची झणझणीत बाजार आमटी उकळायला लागली तशी तीच तोंडं सरळ होऊन पंगतीला बसली. भाकरी कुस्करून, वरून आमटी, तोंडी लावायला शेंगाची चटणी. पहिला घास तात्यांनी खाल्ला. स्वतःच्या सरणावर शिजलेला. "ब्येस झालीय," म्हणाले. "शेपूचा वास लागलाय जरा."

मी मात्र पंगतीला बसले नाही. प्रत्येक ओंडका चरात जाईपर्यंत तार घेऊन उभी होते. एक भुंगेरा घाई करून वेळेआधीच बाहेर आला होता, तो तात्यांच्या फेट्यावर जाऊन बसला. तात्यांनी त्याला दोन बोटांत अलगद धरला. तो चूं चूं करायला लागला. "बोलतंय की वो हे! काय म्हनतंय?" मी म्हटलं, "घर का जाळलं, विचारतोय." तात्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. "तुमचं हाय, तुमी बगा." तो आजही माझ्या कपाटात काचेच्या डबीत आहे. मिशी एक तुटलीय, पण नारिंगी ठिपके अजून दिसतात.

संध्याकाळी राख निवल्यावर तात्यांनी ती घमेल्यात भरली आणि कलमाच्या आळ्यात घातली. तेव्हा ते हसत नव्हते. मला म्हणाले, "बाई, जखम झाली आन् लगीच कायतरी लावलं असतं, तर वाचला असता का वो शेपू?"

"वाचला असता, तात्या. बोर्डो पेस्ट लावतात. मोरचूद आणि चुना. तास-दोन तासांचं काम आहे."

"मलम म्हना की."

"हो. मलमच."

त्यांनी मान हलवली. तो विषय तेवढ्यावरच राहिला.

कलम वाचलं. मिरगाला मी जाऊन साल अन् साल तपासली, त्यानंतरच्या प्रत्येक मोसमात तपासली. चौथ्या वर्षी मोहर आला, आणि तात्या पुन्हा पिशवी घेऊन दुकानात यायला लागले. सासूबाई तोवर राहिल्या नव्हत्या. आंबा कापला की मी एक फोड त्यांच्या फोटोपुढं ठेवते. वासाला नाव मी ठेवते, त्यांच्या वतीनं.

तात्या गेले ते या वर्षीच्या पावसाळ्यात. सकाळी सुनंदाचा फोन आला. मी म्हटलं, "खरं सांग गं. मागच्यासारखं नाही ना?" ती रडत म्हणाली, "न्हाय बाई, खरंच गेलं. पहाटं झोपेतच. पर तुमी लगीच या. तुमी आल्याबिगर त्यास्नी उचलायचं न्हाय."

"मी? माझं काय अडलंय?"

"तात्यांनी सांगून ठिवलंय. घरची फांदी सरणाला लागती, ती शेपूची तोडा. पर बाईला आदी बोलवा. त्येंच्या हातानं जखमेला मलम लावून घ्या. मलम लावल्याबिगर मला हलवू नगा."

दुकानातून मोरचूद आणि चुना घेऊन निघाले. दारात गर्दी होती. अंगणात तात्या झोपवलेले, फेटा बांधलेले. कुणीतरी पोक्त माणूस कुरकुरत होता, पाऊस येईल, किती वेळ मढं ठेवायचं, झाडाचं काय एवढं. भारतनं त्याला गप्प केलं. मी प्लास्टिकची बादली मागितली, लोखंडी घमेल्यात मोरचूद कालवत नाहीत. सुनंदा पाणी घालत गेली आणि मी काठीनं ढवळत गेले. निळं-निळं दाट मलम झालं.

भारतनं फांदी तोडली. या वेळी कुऱ्हाडीनं नाही, करवतीनं, तिरका काप देऊन, पाणी साचू नये असा. हिरवीगार फांदी, पानांना चुरगाळलं की तोच वास. मी ती उलटसुलट करून बघितली. साल अखंड, भोक नाही, भुसा नाही. आयुष्यात एवढ्या फांद्या तपासल्या, पण ही तपासताना डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. तात्यांना किडकं लाकूड द्यायचं नव्हतं मला.

मग मी स्टुलावर चढले. माझे गुडघे आता कुरकुरतात, सुनंदानं कंबरेला धरलं. ब्रश होता, पण मी हातानंच लावलं. कापाच्या कडेकडेनं, सालीच्या खाली, सगळीकडं. कुठं बोटभरही उघडं राहू दिलं नाही. जरा पावसाचे थेंब यायला लागले तसं कुणीतरी न सांगता माझ्यावर आणि त्या जखमेवर छत्री धरली. मघाचाच तो कुरकुरणारा माणूस होता.

लावून झाल्यावर मी पुन्हा एकदा बोट फिरवून बघितलं. खाली सगळे माझ्याकडं बघत उभे होते. भारतनं विचारलं, "झालं का, बाई?"

"झालं," मी म्हटलं. "उचला आता तात्यांना."